जनावरांचे कोण बघणार?



सहलीचा विषय निघाला की शेतकऱ्याच्या घरात पहिला प्रश्न पैशाचा निघत नाही, जनावरांचा निघतो. "जायला काय, उद्या जाऊ; पण दोन वक्ताची धार कोण काढणार?" एवढे म्हटले की विषय संपला. मग लेकरे शाळेच्या सहलीला जाऊन येतात, कारभारी मोंढ्याच्या निमित्ताने नांदेड-लातूर बघून येतात, म्हातारी माणसे दिंडीबरोबर पंढरपूर करून येतात. राहते ती घरची बाई. लग्नाला वीस वर्षे झाली, पण माहेर आणि दवाखाना सोडून एसटीत पाय ठेवला नाही, अशा भगिनी आपल्या दोन जिल्ह्यांत किती असतील हे ज्याने त्याने आपल्याच घरात डोकावून बघावे. म्हणून या खेपेला पिकावरची कीड आणि लोणच्याचा मसाला बाजूला ठेवू आणि सगळ्या घराने मिळून दोन दिवस बाहेर कसे पडावे, ते बोलू.

सहल आपल्या मुलखाला नवी आहे, असे मुळीच नाही. मार्गशीर्ष अमावास्येची येळवस म्हणजे दुसरे काय? कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत पांडव मांडून पूजा करायची, रानात आंबील शिंपायची आणि मग पै-पाहुण्यांना घेऊन ज्वारीच्या सावलीत पंगत मांडायची. त्या दिवशी लातूरसारखे शहर ओस पडते. गंजगोलाईत, जिथे एरवी पाय ठेवायला जागा नसते, तिथे शुकशुकाट असतो, कारण ज्याला रान आहे तो रानात जातो आणि ज्याला नाही तो मित्राच्या रानात जातो. पुण्या-मुंबईचे लोक पैसे मोजून ज्याला वनभोजन म्हणतात, ते आपण बापजाद्यांपासून फुकट करीत आलो.

पण भगिनींनो, खरे सांगा. येळवशीच्या आधी दोन दिवस तुमची झोप किती होते? उंडे वळायचे, खीर शिजवायची, आंबिलीचे माठ भरायचे, भज्जीसाठी तुरीच्या, वाटाण्याच्या, हरभऱ्याच्या शेंगा सोलायच्या, मेथी आणि पातीचा कांदा निवडायचा, आणि पहाटे हे सगळे डोक्यावर घेऊन रानात पोहोचायचे. सण घरादाराचा होतो, पण बाईची त्यात सहल होत नाही. सण आहे, तो तसाच व्हावा, त्यात फरक करा असे कोणी म्हणणार नाही. मात्र वर्षातून दोन दिवस असे असावेत, की त्या दोन दिवसांत घरच्या बाईने चूल पेटवायची नाही. पुढचा सगळा बेत या एका अटीवर आखायचा आहे.

आता आधी जनावरांचे बघू, कारण ते सुटल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही. पेरणीला, मळणीला आपण सावड करतो ना? तीच सावड सहलीला करावी. शेजारच्या दोन घरांनी ठरवून घ्यावे. या आठवड्यात तुम्ही जा, तुमची दावण आम्ही बघतो. पुढच्या आठवड्यात आम्ही जातो, आमची तुम्ही बघा. चारा-पाण्याला कोणीही चालते, अडते ते धारेशी. नव्या हाताला म्हैस पान्हा चोरते, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यासाठी निघण्याच्या आधी तीन-चार दिवस ज्याला धार काढायची आहे त्याला दोन्ही वक्ताला बोलवा. पहिले दोन दिवस घरच्या माणसाने जवळ उभे राहून पाठीवर हात फिरवावा आणि नव्या माणसाने धार काढावी. आंबोणाची टोपली तीच ठेवा आणि वेळही तीच पाळा. चौथ्या दिवसापर्यंत म्हैस रुळते. एखादी हट्टी असतेच. तशी असेल, किंवा गाय-म्हैस व्यायला टेकली असेल, तर बेत पुढे ढकलावा. त्यात कमीपणा नाही.

कडबा आधीच कापून ढीग लावून ठेवावा. दूध डेअरीला जात असेल तर डेअरीवाल्याला सांगून ठेवावे. गुरांच्या डॉक्टरांचा नंबर गोठ्याच्या भिंतीवर खडूने मोठा लिहावा. विहिरीवरच्या मोटारीला लाइट कोणत्या आठवड्यात दिवसा असते आणि कोणत्या आठवड्यात रात्री, ते बघूनच तारीख धरावी. रात्रीची पाळी असताना शेजाऱ्यावर पाणी पाळायचे ओझे टाकू नये. सावड टिकवायची तर समोरच्याला जड होईल एवढे मागू नये.

केव्हा जावे? पोळा झाला की सोयाबीन कापणीला येईपर्यंत पंधरा-वीस दिवस मिळतात. खुरपणी आटोपलेली असते, बैलही नुकते विसाव्याला आलेले असतात. हे दिवस पाण्याचे ठिकाण बघायचे. दुसरी सवड रब्बी पेरून झाल्यावर, दिवाळीनंतर मिळते. थंडी पडलेली असते, किल्ले आणि लेणी बघायला तेच दिवस चांगले. येळवस झाली की लगोलग माळेगाव. खंडोबाची ही यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते आणि गाव नांदेड-लातूर रस्त्यावरच, लोहा तालुक्यात आहे, म्हणजे दोन्ही जिल्ह्यांना हाताशी. लग्नसराईत उन्हातान्हात लेकरांना घेऊन हिंडण्यात मजा नाही, तो वेळ सोडूनच द्यावा.

पैशाचे थोडे बोलू. पीककर्जाच्या पैशाला सहलीसाठी हात लावू नये आणि सोयाबीनच्या पट्टीवरही भिस्त ठेवू नये. भाव काय निघेल ते मोंढ्यालाच ठाऊक. दुधाचा हिशेब होतो तेव्हा त्यातली एक ठरलेली रक्कम बाजूच्या डब्यात पडू द्यावी. पोळ्यापासून पोळ्यापर्यंत डबा भरतो. डबा बाईच्या हातात असावा. कारभाऱ्यांच्या हातातल्या डब्याला बियाण्याच्या दुकानाची वाट लवकर सापडते.

प्रवासाला मात्र आज एसटीइतके स्वस्त दुसरे काही नाही. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून तिकीटच नाही. पासष्ट ते पंच्याहत्तर वयाला अर्धे तिकीट आहे. मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धे तिकीट झाले. पाच ते बारा वर्षांच्या लेकरांना अर्धे पहिल्यापासूनच आहे. आता एक घर धरा : सत्त्याहत्तर वर्षांचे आजोबा, सत्तरीची आजी, नवरा, बायको, कॉलेजातली मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा. माणसे सहा. आजोबांचे शून्य, कारभाऱ्याचे एक आणि बाकी चौघांचे मिळून दोन. सहा माणसांना तिकिटे तीनच लागली! जीप ठरवून डिझेल जाळण्याआधी हा हिशेब कागदावर मांडून बघा. म्हाताऱ्यांची आधार कार्डे तेवढी न विसरता घ्या. आणि ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच आहे. लेकराच्या अक्षराभ्यासाला तेलंगणातल्या बासरला सरस्वतीच्या दर्शनाला निघालात, किंवा उदगीरहून बिदरचा किल्ला बघायला निघालात, तर हद्दीपलीकडचे तिकीट पुरे पडते. बासरला नांदेडहून रेल्वे आहे, ती बरी.

भावकी आणि शेजारपाजार मिळून चाळीसेक माणसे होत असतील तर आगारात जाऊन प्रासंगिक करारावर अख्खी बस घेता येते. वऱ्हाडासाठी घेतो, तशीच. बस आपली, वेळ आपली, म्हातारे दमले तर झाडाखाली उभी करता येते.

आता कुठे जायचे? सगळी ठिकाणे एकाच फेरीत उरकायचा हव्यास धरू नये. पहाटे चारला निघून रात्री बाराला परतणाऱ्या लोकांना विचारा काय बघितले, तर बसची खिडकी एवढेच सांगतील. एक मुक्काम आणि दोन ठिकाणे एवढा बेत पुष्कळ झाला.

पहिल्यांदाच निघणाऱ्या घराने मी म्हणेन नांदेडलाच मुक्काम करावा. नांदेडला आपण शंभरदा जातो, पण कोर्ट, दवाखाना आणि मोंढा करून परततो. सचखंड गुरुद्वारा आतून किती जणांनी बघितला? गुरू गोविंदसिंगजींनी ग्रंथसाहिबाला गुरूपद दिले आणि १७०८ साली देह ठेवला, ते हे स्थान. पंजाबचे महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात इथली इमारत उभी केली. अमृतसरहून दोन दिवसांचा प्रवास करून लोक इथे येतात आणि आपण तासाभराच्या अंतरावर राहून जात नाही. दर्शनाला जात-धर्म कोणी विचारत नाही. डोके झाकायचे आणि पाय धुवायचे, एवढेच. आणखी एक गोष्ट कारभाऱ्यांसाठी : तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी खिशात घेऊन आत जायचे नाही. शीख धर्मात तंबाखू वर्ज्य आहे. ती मुक्कामाच्या ठिकाणीही नको. दोन दिवस पुडीविना निघाले तर घरच्यांना तोही एक नफाच.

गुरुद्वाऱ्याची यात्री निवासे आहेत, तिथे कुटुंबाला खोली मिळते. सणासुदीला, विशेषतः दसरा, दिवाळी आणि होळीला, देशभरातून गर्दी लोटते, तेव्हा हे दिवस टाळून जावे. आणि जेवण लंगरात. सगळे एका पंगतीत बसतात. लाखाचा धनी आणि रोजंदारीचा माणूस शेजारी शेजारी, आणि दोघांच्या ताटात तीच डाळ, तीच पोळी. तिथे पोळ्या लाटायला, भांडी घासायला पुरुष माणसे बाह्या सरसावून बसलेली असतात. हे दृश्य आपल्या घरातल्या मोठ्या मुलांना मुद्दाम दाखवावे. ज्या बाईने जन्मभर सगळ्यांना वाढून मग उरलेले खाल्ले, तिला पहिल्या पंगतीत बसवून गरम पोळी वाढली जाते, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असतो. अन्न मात्र ताटात टाकू नये, आणि जमेल तेवढी सेवा करून यावे.

संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर बसावे. वरच्या अंगाला विष्णुपुरीचा शंकरराव चव्हाण प्रकल्प आहे. नदीचे पाणी उपसून रानात नेणारी एवढी मोठी योजना आपल्या भागात दुसरी नाही. ज्याच्या रानाला पाटाचे पाणी आहे किंवा ज्याच्या रानाला ते अजून यायचे आहे, त्या दोघांनीही ती बघावी. काळेश्वराचे जुने देऊळ तिथेच आहे. धरणातून पाणी सोडले की घाटावर पाणी बघता बघता चढते. पावसाळ्यात लेकरांना पायऱ्यांच्या खाली उतरू देऊ नये.

दोन मुक्कामांची तयारी असेल तर माहूर. नांदेडपासून सव्वाशे किलोमीटरवर, वाट किनवटच्या जंगलातून. साडेतीन शक्तिपीठांतले रेणुकामातेचे ठाणे, दत्तात्रेयांचे जन्मस्थान म्हणून मानलेले शिखर आणि अनसूयेचे शिखर, असे तीन डोंगर आहेत. एका दिवसात तिन्ही करायला गेलात तर म्हाताऱ्यांचे गुडघे बोलतील. पहिल्या दिवशी रेणुका आणि किल्ला, रात्री भक्तनिवासात मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी दत्त आणि अनसूया असे करावे. गावाजवळची पांडवलेणी पाहायला थोडा वेळ ठेवा. नवरात्र आणि दत्तजयंतीला जायचे ते नवस असेल तरच. सहल म्हणून जायचे तर त्या गर्दीत दर्शनही नीट होत नाही आणि खोलीही मिळत नाही.

पोळ्यानंतर जाणार असाल तर त्याच अंगाला सहस्रकुंड धरा. पैनगंगा काळ्या खडकावरून खाली झेपावते, पलीकडचा काठ यवतमाळचा आणि अलीकडचा आपला. मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावर सहस्रकुंड नावाचे स्थानकच आहे. पाऊस चांगला झाला असेल तर धबधब्याचा आवाज लांबूनच ऐकू येतो. उन्हाळ्यात गेलात तर नुसते खडक बघून परत याल. इथे एक सक्त ताकीद : खडक शेवाळलेले असतात, आणि वरच्या भागात पाऊस झाला की पाणी अचानक वाढते. फोटोच्या नादात कडेला जाणाऱ्या तरण्या मुलांचा हात धरून ठेवायला प्रत्येक घराने एक मोठे माणूस नेमावे.

कंधारवाल्यांनी आणि लोह्याकडच्यांनी आधी आपला कंधारचा किल्ला बघावा. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचे हे नगर, भोवती पाण्याचा खंदक, आणि इथे सापडलेल्या क्षेत्रपालाच्या मूर्तीचे अवयव एवढे प्रचंड आहेत की पुरी मूर्ती केवढी असेल याचा लेकरांनी अंदाज करीत बसावे. देगलूरजवळच्या होट्टलला चालुक्यांच्या काळातली देवळे आहेत. नक्षी बघून मान दुखते.

लातूरकडच्या मंडळींना एका दिवसाची फेरी औसा, खरोसा, निलंगा अशी सोयीची पडते. औशाला भुईकोट किल्ला. खरोशाची लेणी जांभ्या दगडात, साधारण सहाव्या शतकाच्या सुमाराची. दगड मऊ असल्याने मूर्ती झिजल्या आहेत. तरी रामायण-महाभारतातले प्रसंग आजोबांनी नातवंडांना ओळखून दाखवावेत, मार्गदर्शकाची गरज नाही. निलंग्याला नीलकंठेश्वराचे देऊळ बघून घर गाठता येते. वाटेत किल्लारीकडे वळायचे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्यांनी सोसली त्यांच्यासाठी ती सहलीची जागा नाही. मात्र नंतर जन्मलेल्या पोरांना ते स्मारक कधी तरी, वेगळ्या दिवशी, जरूर दाखवावे.

उदगीरला स्वतंत्र दिवस द्यावा. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवले ती लढाई या परिसरातली. किल्ला भक्कम आहे आणि आत उदागीर बाबांची समाधी आहे. जवळच देवर्जनचे हत्तीबेट, ज्याचे नाव हैदराबाद मुक्तिसंग्रामात गाजले. आजोबा बरोबर असतील तर रझाकारांच्या गोष्टी तिथेच ऐकाव्यात. आणि जित्राबाची आवड असणाऱ्याला हाळी-हंडरगुळीचा बाजार ठाऊक असेलच. सहलीला निघून बैल घेऊन परतू नये म्हणजे झाले.

जनावरांवरून आठवले, माळेगावात लाल कंधारी आणि देवणीची जातिवंत जनावरे बघायला मिळतात. घोडे, उंट, गाढवे यांचा बाजार तर लेकरांसाठी सर्कशीहून मोठा. कुस्त्या आणि लावणी बघायला पुरुष रमतात. पण त्या वेळात बायकांना सामानाजवळ राखण बसवून ठेवायचे, हा आपला जुना रिवाज आता सोडावा. सामान कमी न्या, म्हणजे राखण लागत नाही. पाळण्यात बसायला वयाची अट नसते.

मुक्कामाबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलावी लागेल. आपल्याकडे बाहेरगावी मुक्काम म्हणजे पाहुण्यांचे घर असा हिशेब असतो. पैसा वाचतो, हे खरे. पण सहा माणसे बहिणीच्या घरी उतरली की तिची चूल पेटते आणि आपली बाई पदर खोचून तिच्या मदतीला बसते. म्हणजे चूल तीच, गाव तेवढे बदलले. पाहुण्यांना भेटायला जा, चहा घ्या, त्यांनाही बरोबर न्या, पण झोपायला भक्तनिवास, यात्री निवास किंवा साधे लॉज घ्या. खोली घेण्याआधी पाणी, कडी आणि संडास घरच्या बाईने स्वतः बघावा. पुरुषाला नुसती खाट दिसते.

शिदोरी एका जेवणाची न्यावी. दशम्या आणि धपाटे दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, लोणचे, दोन कांदे असले की पुरे. तेही आदल्या दिवशी सासू-सून-मुलगी मिळून करावेत, एकटीवर पडू देऊ नये. बाकीची जेवणे बाहेर. स्टो आणि पातेली बरोबर न्यायचा आग्रह कोणी धरला तर त्यालाच रांधायला बसवावे.

ज्यांचे रान रस्त्याला लागून आहे, आखाड्यावर दोन खोल्या आणि आमराई आहे, त्यांनी उलट बाजूनेही विचार करावा. २०२० साली महाराष्ट्र सरकारने कृषी पर्यटनाचे धोरण आणले. पर्यटन संचालनालयाकडे नोंद करून शेतकऱ्याला आपल्या रानात पाहुणे उतरवता येतात. हुरड्याच्या दिवसांत नांदेड-लातूरची, हैदराबादची कुटुंबे अशा जागा शोधत असतात. मात्र त्यांच्या भाकरी कोण थापणार आणि त्याचा पैसा कोणाच्या हातात जाणार, हे बोर्ड लावण्याआधी घरात बसून ठरवावे. नाही तर बाईला आणखी दहा माणसांचे रांधणे तेवढे वाढते. या विषयावर पुढे कधी तरी सविस्तर लिहीन.

राहिला घरी थांबणारा माणूस. सावड न जमल्यास कोणी तरी थांबतेच, आणि दरवेळी तेच थांबते : कधी मोठी सून, कधी बिनलग्नाचा दीर, कधी परत माहेरी आलेली बहीण. ते कधी बोलत नाहीत. गेल्या खेपेला जो थांबला त्याचे नाव या खेपेच्या यादीत पहिले लिहावे आणि मग बाकीच्यांची नावे धरावीत.

परतताना शेजाऱ्याच्या घरी आधी जायचे. माहूरला गेला असाल तर रेणुकेचा तांबूल आधी त्यांच्या हातावर ठेवायचा, मग आपल्या घराचे कुलूप काढायचे. आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या गोठ्यात जाऊन त्यांच्या म्हशीच्या पाठीवर हात फिरवायला सुरुवात करायची. पुढच्या आठवड्यात ते निघणार आहेत.